‘आणि’, ‘किंवा’ आणि राहून गेलेला कंस: डेटाबेस क्वेरीतल्या अटींबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी घणसोलीला राहते आणि महापेला एमआयडीसीत बॅकएंडचं, म्हणजे ॲपच्या मागच्या सर्व्हर-डेटाबेसचं, काम करते. दर जून-जुलैत टीममध्ये नवी मुलं येतात आणि पहिल्या महिनाभरात तेच ते प्रश्न घेऊन माझ्या टेबलाशी उभी राहतात. तोंडी उत्तरं देऊन कंटाळले, म्हणून ती इथे लिहून ठेवते आहे. क्वेऱ्या, म्हणजे डेटाबेसला विचारलेले प्रश्न, वाचायला सोप्या जाव्यात म्हणून देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच नेहमीची इंग्रजी अक्षरं वापरायची.

नेमका घोळ काय आहे?

समजा ‘ग्राहक’ टेबलात पाच ओळी आहेत:

१. ठाणे, थकबाकी ०
२. ठाणे, थकबाकी १२००
३. ऐरोली, थकबाकी ०
४. ऐरोली, थकबाकी ८००
५. वाशी, थकबाकी ५००

आपल्याला ठाणे किंवा ऐरोलीतले थकबाकीदार हवेत. हात आपोआप असं लिहितो (व्हेअरच्या पुढे अटी येतात; अँड म्हणजे आणि, ऑर म्हणजे किंवा):

```
सिलेक्ट * फ्रॉम ग्राहक
व्हेअर शहर = 'ठाणे' ऑर शहर = 'ऐरोली' अँड थकबाकी > ०
```

यायला हव्यात ओळ २ आणि ४. येतात १, २ आणि ४. ज्या माणसाने एक पैसाही बाकी ठेवलेला नाही, तो ओळ १ चा ठाणेकर थकबाकीदारांच्या यादीत जाऊन बसतो.

कारण शाळेतलं आहे. ‘कंचेभागुबेव’ आठवतंय? कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. २ + ३ × ४ चं उत्तर २० नाही, १४. एसक्यूएलमध्ये, म्हणजे क्वेरीच्या भाषेतही, असाच क्रम आहे: आधी नॉट (नकार), मग अँड, शेवटी ऑर. हे कोणाच्या लहरीने ठरलेलं नाही. जॉर्ज बूलने १८५४ साली तर्काचं बीजगणित मांडलं, त्यात ‘अँड’ गुणाकारासारखा आणि ‘ऑर’ बेरजेसारखा लिहिला जातो. गुणाकार बेरजेच्या आधी होतो, तसाच अँड ऑरच्या आधी जोडला जातो. म्हणजे डेटाबेसने वरची क्वेरी अशी वाचली: ‘शहर ठाणे’, किंवा ‘शहर ऐरोली असून थकबाकी आहे’. थकबाकीची अट एकट्या ऐरोलीला चिकटली.

दुरुस्ती एका कंसाची आहे:

```
व्हेअर (शहर = 'ठाणे' ऑर शहर = 'ऐरोली') अँड थकबाकी > ०
```

इथे खरं तर `शहर इन ('ठाणे', 'ऐरोली')` लिहिणं जास्त बरं. ऑरच नाही, तर भांडणही नाही.

पण मी तर बोलतो तसंच लिहिलं होतं!

बोलता तसं लिहिलंत, म्हणूनच फसलात. माझ्या मते सगळ्या भानगडीचं मूळ इथे आहे, म्हणून जरा थांबते.

टीम लीड म्हणतो, ‘ठाणे किंवा ऐरोलीचे... आणि थकबाकी असलेले.’ मध्ये तो क्षणभर थांबतो, श्वास घेतो. ऐकणाऱ्याला त्या थांबण्यावरून कळतं की थकबाकी दोघांनाही लागू आहे. कीबोर्डवर श्वासाची की नाही. ते थांबणं कंसाने दाखवावं लागतं.

दुसरी गंमत आपल्या ‘आणि’ची. साहेब म्हणतात, ‘ठाण्याचे आणि ऐरोलीचे ग्राहक काढ.’ नवीन मुलगा ‘आणि’ ऐकतो आणि प्रामाणिकपणे अँड लिहितो: `शहर = 'ठाणे' अँड शहर = 'ऐरोली'`. शून्य ओळी. एका ओळीतलं शहर एकाच वेळी ठाणे आणि ऐरोली कसं असेल? बोलीतला हा ‘आणि’ दोन याद्या एकत्र करतो. क्वेरीतला अँड मात्र एकाच ओळीवर दोन अटी लादतो. म्हणून मराठीतल्या या ‘आणि’चं भाषांतर ऑर होतं.

याचं तिसरं भावंड सगळ्यात खोडकर आहे: ‘ठाणे आणि ऐरोली सोडून बाकी सगळे’. वरचा धडा ताजा असतो, म्हणून मुलं लिहितात `शहर <> 'ठाणे' ऑर शहर <> 'ऐरोली'` (`<>` म्हणजे ‘समान नाही’). आता ठाण्याची ओळ घ्या. ती ऐरोली नाही, म्हणून अट खरी. ऐरोलीची ओळ ठाणे नाही, म्हणून तीही खरी. चाळणीला भोकंच भोकं, सगळं खाली पडतं. इथे अँड हवा, किंवा सरळ `नॉट इन`. ऑगस्टस डी मॉर्गनचा नियम कॉलेजात पाठ केला होता तो हाच: कंसाबाहेरचा नॉट आत नेला की ऑरचा अँड होतो आणि अँडचा ऑर.

एक कंस राहिला म्हणून एवढं काय बिघडतं?

माझ्या आधीच्या नोकरीतली गोष्ट सांगते. थकलेल्या बिलांचे एसएमएस पाठवणारा एक जॉब (आपोआप चालणारा प्रोग्राम) होता, रोज सकाळी दहाला चालायचा. एका दुपारी ‘ऐरोलीसोबत ठाणेही घ्या’ असा निरोप आला. मी क्वेरीत `शहर = 'ठाणे' ऑर` एवढे तीन शब्द पुढे जोडले. टेस्ट केलं, पास झालं, संध्याकाळी खऱ्या सर्व्हरवर गेलं.

टेस्ट पास का झालं? कारण टेस्टच्या डेटाबेसमध्ये ठाण्याचे जे चार ग्राहक मीच टाकले होते, त्या चौघांचीही थकबाकी होती. बिल भरलेला ठाणेकर घालायचं मला सुचलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रान्सहार्बर लोकलमध्ये रबाळे यायच्या आत माझा फोन वाजला. ठाण्यातल्या झाडून सगळ्या ग्राहकांना ‘आपले बिल थकले आहे, त्वरित भरा’ असा मेसेज गेला होता. पाचपाखाडीच्या एका काकूंनी पावतीचा फोटो पाठवून खाली लिहिलं होतं, ‘त्वरित म्हणजे पुन्हा का?’ तो स्क्रीनशॉट पुढे कितीतरी महिने आमच्या ग्रुपवर फिरत होता.

ऐरोलीचे मेसेज मात्र अगदी बरोबर गेले. जुनी अट जागेवर होती, कोणी हात लावला नव्हता. अशा चुका याच वाटेने येतात. पहिल्यांदा लिहिताना माणूस विचार करतो. सहा महिन्यांनी कोणी चालत्या क्वेरीच्या टोकाला एक ऑर चिकटवतो आणि आधीच्या अटींची वाटणी बदलून जाते.

`शहर = 'ठाणे' ऑर 'ऐरोली'` असं लिहिलं तर?

ते डेटाबेसवर अवलंबून आहे. पोस्टग्रेस हा डेटाबेस तोंडावर एरर फेकतो, आणि ते उत्तम. मायएसक्यूएल मात्र समजूतदारपणा दाखवतो, तोच नडतो. ऑरच्या उजवीकडचं `'ऐरोली'` हे त्याला स्वतंत्र अट वाटतं. तो त्याचा आकडा करायला जातो, ० मिळतो, म्हणजे खोटं. तुम्हाला फक्त ठाणे मिळतं आणि एक वॉर्निंग, जी कोणी वाचत नाही. आकड्यांच्या बाबतीत याहून वाईट होतं. `वॉर्ड = १ ऑर २` मध्ये २ म्हणजे शून्य नसलेलं काहीतरी, म्हणजे खरं. सगळे वॉर्ड हजर.

सगळे डेटाबेस हाच क्रम पाळतात ना?

नॉट, अँड, ऑर एवढ्यापुरतं हो. बारीकसारीक चिन्हांत फरक आहेत. दोन उभ्या रेघा, म्हणजे `||`, ओरॅकल, पोस्टग्रेस आणि एसक्यूलाइटमध्ये अक्षरं जोडतात. मायएसक्यूएलमध्ये त्यांचा मूळ अर्थ ऑर आहे. ८.०.१७ आवृत्तीपासून हा वापर टाळा असं तिथे सांगितलेलं आहे, पण जुन्या कोडमध्ये तो ठिकठिकाणी दिसतो. पोस्टग्रेसनेही ९.५ मध्ये `<=`, `>=`, `<>` यांचा अग्रक्रम (आधी कोण जोडलं जाणार तो क्रम) बदलून `<` आणि `>` यांच्या बरोबरीला आणला.

मायएसक्यूएलमधलं `!` आणि `नॉट` ही जोडी फसवी आहे. `नॉट अ = ब` म्हणजे ‘अ आणि ब समान नाहीत’. `! अ = ब` म्हणजे आधी अ उलटा करा, मग तो `ब` शी ताडून पाहा. दिसायला जुळे भाऊ, स्वभाव वेगळे.

नॉट वापरताना आणखी काय सांभाळायचं?

दोन गोष्टी. पहिली, नॉट फक्त लगतच्या अटीला लागतो. `नॉट शहर = 'ठाणे' ऑर शहर = 'ऐरोली'` मध्ये ऐरोलीला नकार नाही. दोघांना नकार हवा असेल तर कंस घाला.

दुसरी गोष्ट अग्रक्रमाची नाही, पण प्रत्येक वेळी याच्या जोडीने येते: नल. शहर भरलेलंच नसेल तर `शहर = 'ठाणे'` हे खरंही नाही, खोटंही नाही, ‘माहीत नाही’ आहे. त्याचा नॉट केला तरी ‘माहीत नाही’च. म्हणून ‘ठाण्याचे’ आणि ‘ठाण्याचे नसलेले’ यांची बेरीज एकूण ग्राहकांएवढी येत नाही, आणि महिनाअखेरीला रिपोर्ट जुळवणारा वेडा होतो. `नॉट इन` च्या आतल्या सबक्वेरीत एक जरी नल आला, तरी उत्तरात एकही ओळ येत नाही.

आम्ही हाताने एसक्यूएल लिहीतच नाही, ओआरएम वापरतो. मग आम्ही सुटलो ना?

नाही. ओआरएम म्हणजे तुमच्या कोडवरून एसक्यूएल बनवून देणारी लायब्ररी. उलट तिच्यात कंस डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून जास्त जपायला हवं.

लाराव्हेल या पीएचपी फ्रेमवर्कचं उदाहरण घेऊ. सोसायट्यांची वर्गणी सांभाळणारं ॲप आहे. एका सोसायटीच्या सेक्रेटरीला त्याच्या थकलेल्या किंवा नोटीस गेलेल्या सदनिका दाखवायच्या आहेत:

```
$सोसायटी->सदनिका()
    ->व्हेअर('थकबाकी', '>', ०)
    ->ऑरव्हेअर('नोटीस', १)
    ->गेट();
```

वाचायला किती छान! यातून तयार होणारं एसक्यूएल:

```
व्हेअर सोसायटी_आयडी = ७ अँड थकबाकी > ० ऑर नोटीस = १
```

सोसायटीची अट अँडने थकबाकीला जोडली गेली, नोटीसची अट मोकळी सुटली. नेरुळच्या सेक्रेटरीला कोपरखैरण्याच्या, बेलापूरच्या, सगळ्यांच्याच नोटिसा दिसणार. यात यादी चुकण्यापेक्षा मोठी गोष्ट आहे, दुसऱ्याची माहिती फुटते. लाराव्हेलच्या अधिकृत कागदपत्रांत नात्यांपुढे (टेबलांमधल्या संबंधांपुढे) ऑरव्हेअर लावण्याबद्दल याच कारणासाठी इशारा दिलेला आहे. उपाय असा की दोन्ही अटी एका फंक्शनमध्ये गुंडाळून ते फंक्शन व्हेअरला द्यायचं. तेवढ्या भागाला लाराव्हेल स्वतः कंस घालतो.

रेल्सवाल्यांचं (रूबीच्या फ्रेमवर्कवाल्यांचं) जरा बरं आहे. व्हेअरमध्ये तुम्ही अक्षरांत लिहिलेली अट रेल्स आपणहून कंसात टाकतो. पण साखळीच्या शेवटी `ऑर` लावला की डावीकडचं सगळं एका बाजूला जातं, हे त्यांनाही लक्षात ठेवावं लागतं.

जँगोच्या क्यू ऑब्जेक्टचं काय?

जँगो हे पायथॉनचं फ्रेमवर्क, आणि त्यात क्यू म्हणजे एक अट. तिथे `&` म्हणजे अँड, `|` म्हणजे ऑर, `~` म्हणजे नॉट, आणि क्रमही तोच. म्हणून `क्यू(ठाणे) | क्यू(ऐरोली) & क्यू(थकबाकी)` मध्ये पहिल्या उदाहरणातलीच चूक होते. फिल्टरमध्ये स्वल्पविरामाने वेगळी दिलेली अट मात्र आधीच्या संपूर्ण क्यूला अँडने लागते. त्यामुळे `फिल्टर(क्यू(ठाणे) | क्यू(ऐरोली), थकबाकी__जीटी=०)` बरोबर चालतं. मी हीच पद्धत वापरते.

`एक्सक्लूड` बद्दल एक ओळ: एकाच एक्सक्लूडमध्ये दोन अटी दिल्या तर दोन्ही एकदम लागू असलेल्या ओळी वगळल्या जातात, दोन वेगवेगळे एक्सक्लूड लावले तर कुठलीही एक लागू असली तरी ओळ जाते.

पायथॉनमध्ये `अँड` लिहिलं तर चुकतं आणि `&` लिहिलं तरी चुकतं. करायचं काय?

हा प्रश्न विचारणाऱ्याला मी आधी चहा पाजते.

पायथॉनमध्ये `अँड`, `ऑर`, `नॉट` या शब्दांचा अर्थ लायब्ररीला बदलता येत नाही. तशी सोय करण्याचा प्रस्ताव पेप ३३५ या क्रमांकाने आला होता, तो २०१२ मध्ये फेटाळला गेला. म्हणून पँडास (तक्ते हाताळणारी) आणि एसक्यूएलअल्केमी (डेटाबेसशी बोलणारी) या लायब्ररींनी बिटांवर काम करणारे `&` आणि `|` उसने घेतले. उसन्या वस्तूबरोबर तिचा स्वभावही आला: पायथॉनमध्ये `&` हा `==` आणि `>` यांच्याही आधी जोडला जातो.

जवळून पाहू. पँडासच्या `डीएफ` या टेबलात ‘विभाग’ आणि ‘चालू’ असे दोन कॉलम आहेत. चालू म्हणजे १ किंवा ०. आपल्याला विभाग ३ मधले चालू ग्राहक हवेत:

```
डीएफ[डीएफ['विभाग'] == ३ & डीएफ['चालू']]
```

पायथॉन आधी `३ & चालू` काढतो. ३ म्हणजे दोन बिटं, ११. चालू १ असेल तर उत्तर १, ० असेल तर ०. मग विभाग त्या उत्तराशी ताडला जातो. मागितला विभाग ३, मिळाले विभाग १ चे चालू ग्राहक. एरर नाही, वॉर्निंग नाही, यादी अगदी खरी वाटेल अशी. ३ च्या जागी २ लिहा, `२ & १` होतो ०, आणि बहुधा यादी रिकामी येते. दोन्ही बाजूंना तुलना असेल, म्हणजे `== ३ & डीएफ['चालू'] == १`, तर निदान सत्यता संदिग्ध असल्याची एरर येते आणि तुम्ही शोधायला लागता. प्रत्येक तुलना आपापल्या कंसात घातली की प्रश्न मिटतो:

```
डीएफ[(डीएफ['विभाग'] == ३) & (डीएफ['चालू'] == १)]
```

आता एसक्यूएलअल्केमीतलं भूत. कोणीतरी `&` ऐवजी शब्द लिहितो:

```
.व्हेअर((ग्राहक.शहर == 'ठाणे') अँड (ग्राहक.चालू == १))
```

पायथॉन डावीकडच्या अटीला विचारतो, तू खरी की खोटी? ती अजून डेटाबेसपर्यंत गेलेलीच नाही, बिचारी काय सांगणार! `>` किंवा `<` असतं तर लायब्ररी इथे एरर देते. पण `==` असेल तर ती दोन्ही बाजू एकच वस्तू आहेत का एवढंच पाहते आणि ‘नाही’ म्हणते. डावी बाजू खोटी निघाली म्हणून पायथॉनचा `अँड` डावी बाजूच परत देतो. तयार होणाऱ्या एसक्यूएलमध्ये फक्त शहराची अट राहते, ‘चालू’ची अट वाटेतच गळते. `ऑर` लिहिला तर उलट, फक्त उजवी बाजू उरते. त्यापेक्षा लायब्ररीची स्वतःची `अँड_` आणि `ऑर_` ही फंक्शनं वापरा. कोणाच्या आत कोण, हे लिहितानाच दिसतं.

मग सी, जावा, जावास्क्रिप्टमध्ये `&` तुलनेच्या नंतर का येतो?

जुनी कर्मकहाणी आहे. सीच्या आधीच्या बी भाषेत आणि अगदी सुरुवातीच्या सीमध्ये `&&` नव्हताच. अटी जोडायलाही `&` वापरायचे, म्हणून तो `==` च्या नंतर येणं सोयीचं होतं. पुढे ॲलन स्नायडर यांच्या सूचनेवरून `&&` आला, पण तोवर लिहिलेला कोड मोडू नये म्हणून `&` ची जागा तशीच ठेवली. ती वर हलवायला हवी होती, असं डेनिस रिची यांनीच पुढे लिहिलं आहे. जावा आणि जावास्क्रिप्टने तो वारसा जसाच्या तसा घेतला, पायथॉनने घेतला नाही. दोन भाषांत रोज ये-जा करणाऱ्याची गडबड होते ती त्यामुळे.

क्वेरीचे तुकडे जोडून स्ट्रिंग बनवतो. तिथे काय होऊ शकतं?

तिथे दोन भाषांचे अग्रक्रम एकदम सांभाळावे लागतात. पायथॉनमधली ही ओळ पाहा:

```
क्वेरी = "सिलेक्ट * फ्रॉम ग्राहक व्हेअर चालू = १" + " अँड शहर = ?" इफ शहर एल्स ""
```

वाटतं, शहर दिलं नसेल तर फक्त शेवटचा तुकडा गळेल. गळते अख्खी क्वेरी. कारण `इफ-एल्स` पेक्षा `+` आधी होतो, म्हणून निवड ‘सगळं’ आणि ‘काहीच नाही’ यांच्यात होते. पीएचपी आणि जावास्क्रिप्टमध्ये प्रश्नचिन्ह-कोलनवाली अट लिहिली तर आणखी वेगळं: आधी डावीकडचं सगळं जोडलं जातं, जोडलेली स्ट्रिंग रिकामी नसते म्हणून ‘खरी’ ठरते, आणि हातात फक्त ` अँड शहर = ?` एवढंच शेपूट येतं.

पीएचपीत शब्दातला `अँड` तर `=` च्याही नंतर येतो. `$ठीक = खरं अँड खोटं` लिहिलं की `$ठीक` मध्ये ‘खरं’ साठतं.

तुकडे जोडायचेच असतील तर प्रत्येक अट यादीत टाका, प्रत्येकीला स्वतःचा कंस द्या, शेवटी यादी अँडने जोडा. मूल्यं मात्र प्रश्नचिन्हातूनच द्या.

याचा एसक्यूएल इंजेक्शनशी संबंध आहे का?

आहे, आणि फार कमी जण तो नीट समजावून सांगतात. इंजेक्शन म्हणजे बाहेरच्याने भरलेल्या मजकुरातून क्वेरीच बदलून टाकणं. लॉगिनच्या पानावर पासवर्डच्या जागी कोणी `' ऑर '१' = '१` टाकलं, की क्वेरी होते:

```
व्हेअर नाव = 'अ' अँड पासवर्ड = '' ऑर '१' = '१'
```

अँडची जोडी खोटी ठरते, पण ऑर शेवटी येतो आणि तो कायम खरा. सगळ्या ओळी खुल्या. हल्लेखोराची सगळी मदार अग्रक्रमावर आहे. पण म्हणून कंस घालून बचावाल असं समजू नका. तो आपल्या मजकुरात तुमचा कंस बंद करून पुढे जाईल. इथे उपाय एकच, पॅरामीटर बाइंडिंग, म्हणजे मूल्य क्वेरीत न जोडता प्रश्नचिन्हातून वेगळं देणं.

लेफ्ट जॉइनच्या ऑनमध्येही हेच?

हेच, फक्त बिल मोठं येतं. लेफ्ट जॉइन दोन टेबलं जोडतो, आणि ऑनमध्ये त्या जोडणीची अट असते. `ऑन बिल.ग्राहक_आयडी = ग्राहक.आयडी अँड बिल.प्रकार = 'पाणी' ऑर बिल.प्रकार = 'मालमत्ता'` लिहिलंत, तर प्रत्येक मालमत्ता-बिल प्रत्येक ग्राहकाला चिकटतं. १,००० ग्राहक आणि ५०० मालमत्ता-बिलं असतील तर तेवढ्यानेच ५ लाख ओळी. सर्व्हर हळू झालाय अशी तक्रार आली की मी इंडेक्स बघायच्या आधी ऑनमध्ये ऑर शोधते.

अपडेटमध्ये दोन कॉलम बदलताना मध्ये अँड लिहिला. काय झालं असेल?

`सेट स्थिती = १ अँड विभाग = ३`? मायएसक्यूएल असेल तर विभागाला हातही लागला नाही. `१ अँड (विभाग = ३)` चं उत्तर, ० किंवा १, स्थितीत भरलं गेलं. सेटमध्ये स्वल्पविराम लागतो. बॅकअप कुठे आहे ते आत्ताच विचारून या.

आधी लिहिलेली अट आधी तपासली जाते ना?

नाही. कोण कोणाशी जोडलं जातं हे अग्रक्रम ठरवतो. कोण आधी तपासलं जातं हे ऑप्टिमायझर, म्हणजे क्वेरी चालवण्याची वाट निवडणारा डेटाबेसचा भाग, ठरवतो. `व्हेअर दिवस <> ० अँड रक्कम / दिवस > १००` लिहिलं म्हणून शून्याने भागाकार टळेल याची खात्री नाही. डावीकडून उजवीकडे तपासण्याचं वचन एसक्यूएल देत नाही, आणि कंस घालूनही ते मिळत नाही. `केस` वापरा, किंवा `नलइफ(दिवस, ०)` ने भागा.

जास्त कंसांमुळे क्वेरी हळू होते का?

नाही. वाचून झाल्यावर डेटाबेस अटींचं झाड बनवतो, त्यात कंस नावाची गोष्टच उरत नाही.

डेटाबेसने माझी क्वेरी कशी वाचली, हे बघता येतं?

येतं, आणि वाद मिटवायला यासारखं काही नाही. पोस्टग्रेसमध्ये क्वेरीपुढे `एक्स्प्लेन` लावा. टेबल सरळ वाचलं जात असेल तर ‘फिल्टर’च्या ओळीत तो स्वतः सगळे कंस घालून दाखवतो. आपली पहिली क्वेरी साधारण अशी दिसेल:

```
फिल्टर: ((शहर = 'ठाणे') ऑर ((शहर = 'ऐरोली') अँड (थकबाकी > ०)))
```

मायएसक्यूएलमध्ये `एक्स्प्लेन` नंतर लगेच `शो वॉर्निंग्ज` चालवा, पुन्हा लिहिलेली क्वेरी मिळते. ओआरएम वापरत असाल तर आधी त्याचं एसक्यूएल छापून घ्या. लाराव्हेलमध्ये `टूएसक्यूएल()`, जँगोमध्ये क्वेरीसेटचं `.क्वेरी`.

मोंगोडीबीत कंसच नाहीत. तिथे तरी सुटका?

बरीचशी. मोंगोडीबी हा एसक्यूएल न वापरणारा डेटाबेस आहे. तिथे अटी मुळातच एकात एक रचलेल्या असतात, अग्रक्रमाचा प्रश्न येत नाही. पण जावास्क्रिप्टच्या एकाच ऑब्जेक्टमध्ये `$ऑर` दोनदा लिहिलं तर दुसरं पहिल्याला गिळतं, चूं की चां न करता. दोन्ही हवे असतील तर बाहेरून `$अँड` ची यादी करा.

टेस्टमध्ये हे पकडायचं कसं?

तीन अटी, प्रत्येक खरी किंवा खोटी, एकूण ८ प्रकार. `(अ ऑर ब) अँड क` आणि `अ ऑर (ब अँड क)` यांची उत्तरं त्यातल्या फक्त २ प्रकारांत वेगळी येतात: जेव्हा अ खरं आणि क खोटं असतं, मग ब काहीही असो. उरलेल्या ६ प्रकारांत चुकीची क्वेरीही बरोबर उत्तर देते. माझी त्या वेळची टेस्ट याच सहांत फिरत होती. बिल भरलेला ठाणेकर म्हणजे अ खरं, क खोटं. म्हणून यातल्या शक्य त्या सगळ्या प्रकारांच्या ओळी टेबलात टाका, आळस करू नका. आणि प्रॉडक्शनवर (खऱ्या डेटाबेसवर) डिलीट किंवा अपडेट चालवण्याआधी तीच अट घेऊन नुसती मोजणी करा. ४० ओळींचा अंदाज असताना ४,००० आल्या तर एंटर दाबू नका.

म्हणजे कंस सगळीकडे घालायचे?

नुसते अँड असतील तर नको, नुसते ऑर असतील तरी नको. दोन्ही एका ओळीत भेटले की घालायचे, अग्रक्रम तुमच्या बाजूने असला तरीही. आमच्याकडे एक जण ‘मला क्रम पाठ आहे’ म्हणून कंस घालत नाही. त्याला पाठ आहे हे मान्य, पण पुढच्या वर्षी ती ओळ दुसरंच कोणी बदलणार आहे. जावास्क्रिप्टमध्ये ईएसलिंट या कोड तपासणाऱ्या साधनाचा `नो-मिक्स्ड-ऑपरेटर्स` हा नियम लावता येतो. सीमध्ये जीसीसी या कंपायलरला `-वॉल` हा पर्याय दिला, की तो `||` च्या आतल्या मोकळ्या `&&` वर कुरकुरतो. जावास्क्रिप्टने तर `??` आणि `||` कंसाशिवाय एकत्र लिहायलाच बंदी केली आहे. एसक्यूएलनेही अशीच बंदी केली असती तर हे पान लिहावं लागलं नसतं.

जुन्या कोडमध्ये शेकडो क्वेऱ्या आहेत. सुरुवात कुठून करू?

अँड आणि ऑर दोन्ही असलेल्या ओळी शोधून काढा. आधी डिलीट आणि अपडेट, मग जिथे ग्राहक किंवा सोसायटी यांची सीमा आहे त्या क्वेऱ्या, मग मेसेज पाठवणारे जॉब. रिपोर्ट सगळ्यात शेवटी, आणि रिपोर्टला हात लावताना वापरणाऱ्याला विचारल्याशिवाय नको.

हे अनुभवाने सांगते. वाशीच्या फळ मार्केटमधल्या एका व्यापाऱ्यासाठी केलेल्या रिपोर्टमध्ये मला असाच मोकळा ऑर सापडला. रत्नागिरी किंवा देवगडच्या, न विकल्या गेलेल्या हापूसच्या पेट्या मोजायच्या होत्या. प्रत्यक्षात रत्नागिरीच्या विकलेल्याही मोजल्या जात होत्या. मी आनंदाने कंस घातला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुनीमजींचा फोन, ‘मॅडम, आकडा बिघडलाय.’ रत्नागिरीचा विकलेला माल वेगळ्या वहीत असतो आणि रिपोर्टमधून तो वजा करायचा, अशी पद्धत त्यांनी तीन हंगामांपूर्वीच लावून घेतली होती. कंस काढून टाकला. आता त्या ओळीच्या वर माझी कॉमेंट आहे: ‘इथे कंस मुद्दाम नाही. घालण्याआधी मुनीमजींना फोन करावा.’